इटलीने निकोबार विकत घेतलं असतं तर? वसाहत-खरेदीचा जर-तर इतिहास कसा रचावा

मराठीत जर-तरचा इतिहास लिहायचा म्हटलं की लेखणी सरळ पानिपतावर जाते. एक गोळी चुकवायची, एक तोफ वेळेवर पोहोचवायची आणि पुढची शंभर वर्षं नव्याने मांडायची. लढाईऐवजी सौदा घेतला तर काम किचकट होतं, पण कथा जास्त पटते. सौद्याला किंमत असते, हप्ते असतात, दोन्हीकडच्या संसदांची मंजुरी लागते आणि घेतलेली जमीन सांभाळण्याचा खर्च दरवर्षी निघतो. नमुना म्हणून इथे घेतलेला सौदा खरोखर होता होता राहिला. १८६४-६५ मध्ये नुकत्याच जन्मलेल्या इटलीने डेन्मार्ककडून निकोबार बेटं विकत घेण्याची बोलणी सुरू केली होती.

आधी घडलेलं पक्कं करा

इटलीचं राज्य १७ मार्च १८६१ रोजी जाहीर झालं. व्हेनिस तेव्हा ऑस्ट्रियाकडे होतं, रोम पोपकडे. राजधानी तुरीनला होती, ती १८६५ मध्ये फ्लोरेन्सला हलली. दक्षिणेत बंडखोर लुटारूंच्या टोळ्यांनी उच्छाद मांडला होता. त्यांच्यासाठी १८६३ मध्ये खास कडक कायदा झाला, आणि पकडलेल्यांना लांबच्या बेटावर नेऊन सोडावं हा विचार सरकारी वर्तुळात घोळू लागला. त्यातच सुवेझचा कालवा खोदला जात होता.

विकणाऱ्याची अवस्था वाईट होती. डेन्मार्कने १७५६ पासून निकोबारवर हक्क सांगितला, पण तिथे वसवलेली माणसं तापाने मरत गेली. मोरावियन या प्रॉटेस्टंट पंथाचे मिशनरी १७६८ मध्ये आले आणि १७८७ मध्ये निघून गेले. १८४५ मध्ये डेन्मार्कने त्रांकेबार आणि सेरामपूर ही हिंदुस्थानातली आपली ठाणी ईस्ट इंडिया कंपनीला विकली. १८४८ मध्ये निकोबारवरचं उरलंसुरलं बस्तानही आवरलं. मागे राहिला तो कागदावरचा हक्क. मग १८६४ चं युद्ध झालं. प्रशिया आणि ऑस्ट्रियापुढे डेन्मार्क हरला आणि ३० ऑक्टोबर १८६४ च्या व्हिएन्ना तहात श्लेस्विग, होल्श्टाइन, लाउएनबुर्ग हे तिन्ही प्रांत गेले.

बोलणी चालवली लुईजी तोरेल्ली या शेती व व्यापार मंत्र्याने. १८६५ च्या अखेरीस ला मार्मोरांचं मंत्रिमंडळ गेलं, तोरेल्लीचं पद गेलं आणि विषय थंडावला. १८६८ मध्ये डेन्मार्कने हक्क ब्रिटनला दिले. १८६९ मध्ये ब्रिटिशांनी नानकौरी बंदराच्या काठी, कामोर्टा बेटावर कैद्यांची वसाहत बसवली आणि १८८८ मध्ये तीही गुंडाळली.

एवढी घटनावळ भिंतीवर लावा. शके लिहिताना इसवी सनातून ७८ वजा करा (१८६५ म्हणजे शके १७८७). मात्र जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ वजा होतात, आणि ही चूक छापील पुस्तकांतही दिसते.

बदल एकच करा, आणि तो लहान ठेवा

नवखा लेखक इथे इटलीला बलाढ्य आरमार देतो, ब्रिटनला आंधळं करतो आणि डेन्मार्कला मूर्ख. असे तीन बदल एकदम केले की वाचकाचा विश्वास उडतो. आपल्या नमुन्यात बदल एकच आहे: तोरेल्लीची बोलणी सहा महिने लवकर उरकतात आणि करारावर १८६५ च्या उन्हाळ्यात सह्या होतात. बाकी माणसं, कर्ज, राजकारण सगळं जसं होतं तसंच.

तोरेल्ली हे पात्र म्हणूनही उत्तम आहे. तो सुवेझ कालव्याचा कट्टर पुरस्कर्ता होता, आणि पुढे १८८२ मध्ये त्यानेच इटलीतल्या हिवतापग्रस्त भागांचा नकाशा प्रसिद्ध केला. हिवतापाचीच बेटं विकत घ्यायला निघालेला माणूस म्हातारपणी हिवतापाचा नकाशा काढतो, हे कल्पनेने रचायला गेलं असतं तर ओढूनताणून वाटलं असतं.

किंमत कशी ठरवावी

किंमत मनाने ठोकू नका. त्या काळातले खरे सौदे शेजारी शेजारी मांडा आणि सगळे एकाच नाण्यात आणा. १८६० च्या दशकात १ रुपया म्हणजे साधारण २ शिलिंग, म्हणून १० रुपयांचा १ पौंड. सोन्याच्या भावाने १ पौंड म्हणजे सुमारे २५.२ लिरा आणि साधारण ९ डॅनिश रिग्सडालर. डॅनिश क्रोन १८७५ पर्यंत चलनात नाही, तो १८६५ च्या करारात दिसला तर जाणकार वाचक पान मिटेल.

आता तुलना. त्रांकेबार-सेरामपूर १८४५ मध्ये १२.५ लाख रुपयांना गेलं, म्हणजे १,२५,००० पौंड. त्यात इमारती होत्या, वस्ती होती, महसूल होता. १८५० मध्ये डेन्मार्कने आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टवरचे आपले किल्ले ब्रिटनला अवघ्या १०,००० पौंडांना दिले, कारण त्यांतून काही निघत नव्हतं. अलास्काचे १८६७ मध्ये ७२ लाख डॉलर पडले. घरचंही उदाहरण घ्या. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकला, त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं, पण किल्ला पोसणं परवडेना. शेवटी सुमारे ३ लाख ८२ हजार रुपये आणि व्यापाराला त्रास न देण्याची हमी घेऊन तो करवीरकरांना परत केला. म्हणजे चालू बंदर असलेल्या एका जलदुर्गाची किंमत, त्याच दराने, ३८ हजार पौंडांच्या आसपास.

निकोबारला महसूल नाही, इमारत नाही, विकणाऱ्याचा तिथे शिपाईसुद्धा नाही. म्हणून भाव गोल्ड कोस्टच्या जवळ बसतो. आपण १०,००० पौंड धरू: सुमारे २.५ लाख लिरा, ९०,००० रिग्सडालर. डॅनिश बाजू १५ हजारांपासून सुरुवात करेल, इटालियन बाजू ५ हजारांपासून. घासाघीस दोन पानांत संपवा.

पैसे कुठे अडकतात

रक्कम लंडनवरच्या हुंडीने द्यायला लावा, कारण १८६५ मध्ये फ्लोरेन्स आणि कोपनहेगन यांच्यातला असा व्यवहार लंडनमार्गेच सोपा. दोन हप्ते करा आणि दुसऱ्या हप्त्याच्या तारखेवर नीट विचार करा, कारण कथेतला सगळ्यात मोठा ताण इथेच मिळतो.

१ मे १८६६ रोजी इटलीने कागदी नोटांच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. त्याच महिन्याच्या १० तारखेला लंडनची ओव्हरेंड गर्नी ही पेढी बुडाली, बाजारात घबराट पसरली आणि बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर १० टक्क्यांवर जाऊन तिथे महिनोनमहिने राहिला. तुमचा दुसरा हप्ता मे १८६६ चा असेल तर इटलीच्या तिजोरीत कागद आहे, डेन्मार्कला सोनं हवं आहे आणि लंडनला हुंडी वटवायला कोणी तयार नाही. हप्ता फेब्रुवारीचा ठेवलात तर सौदा बिनबोभाट पार पडतो आणि कथा सपाट होते. करारात ‘रक्कम सोन्या-चांदीच्या नाण्यांत’ हे कलम टाकलं आहे की विसरलं गेलं आहे, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

मुंबईतलं पात्र आणणार असाल तर १ जुलै १८६५ लक्षात ठेवा. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाची तेजी बसली होती, आणि त्या दिवशी वायद्यांचा हिशोब चुकता करताना मुंबईतल्या भल्याभल्यांची दिवाळखोरी उघडी पडली. निकोबारच्या खोबऱ्यात पैसा गुंतवणारा मुंबईचा शेठ जून १८६५ मध्ये शक्य आहे, ऑगस्टमध्ये नाही.

मंजुरी: इथे खरे सौदे मरतात

सही म्हणजे खरेदी नव्हे. इटलीच्या राज्यघटनेप्रमाणे तिजोरीवर बोजा टाकणारा किंवा प्रदेश बदलणारा तह संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय लागू होत नसे. डेन्मार्कच्या राजालाही संसदेला डावलून प्रदेश देता येत नव्हता. म्हणून कॅलेंडर बघा: ऑक्टोबर १८६५ मध्ये इटलीत सार्वत्रिक निवडणूक आहे. उन्हाळ्यात सही झालेला तह निवडणुकीआधी मांडला नाही तर तो नव्या सभागृहापुढे जातो, आणि वर्षाअखेर मंत्रिमंडळच जातं. खऱ्या इतिहासात बोलणी मेली, तशीच तुमच्या कथेत मंजुरी मरू शकते.

हे काल्पनिक भय नाही. १८६७ मध्ये अमेरिकेने डेन्मार्कशी कॅरिबियनमधली सेंट थॉमस आणि सेंट जॉन ही बेटं ७५ लाख डॉलरना घेण्याचा करार केला, पण अमेरिकी सिनेटने त्याला मंजुरी दिलीच नाही. १९०२ मध्ये ५० लाखांचा दुसरा करार डेन्मार्कच्या वरच्या सभागृहात समसमान मतांवर अडकला. अखेर ३१ मार्च १९१७ रोजी, सेंट क्रॉय धरून, ती बेटं २.५ कोटी डॉलरना गेली. एका सौद्याला पन्नास वर्षं. तेव्हा तुमच्या कथेत निदान एक वेळापत्रक चुकलंच पाहिजे.

करारात सहा-सात कलमं पुरेत: कोणती बेटं (नावानिशी, कारण ‘निकोबार आणि आसपासची’ असं लिहिलं की भांडण ठरलेलं), रक्कम आणि नाणं, जुनी कागदपत्रं, मिशनरींच्या जागा, मंजुरीची मुदत, ताबा देणारा-घेणारा अधिकारी, आणि तिथल्या माणसांचे हक्क. शेवटचं कलम त्या काळात बहुतेक वेळा वरवरचं असे. तसंच वरवरचं लिहा आणि त्याचे परिणाम पुढे दाखवा.

कोळशाचा हिशोब

बहुतेक जर-तर कथा इथेच कोसळतात. म्हैस विकत घेणं सोपं, रोजची वैरण महाग पडते, आणि वसाहतीची वैरण म्हणजे कोळसा.

पहिली अडचण अशी की १७ नोव्हेंबर १८६९ पर्यंत कालवा बंद आहे. माणसं आणि टपाल जिनोव्हाहून अलेक्झांड्रियाला, तिथून आगगाडीने कैरोमार्गे सुवेझला जाऊ शकतात. ही रेल्वे १८५८ पासून पूर्ण आहे. जहाज मात्र जमिनीवरून जात नाही. म्हणजे सुवेझच्या बाजूला ठेवायची आगबोट आधी संपूर्ण आफ्रिकेला वळसा घालून आणावी लागेल. कथेत याला तीन-चार महिने द्या.

आता आकडे. सुवेझ ते एडन सुमारे १,३१० सागरी मैल, एडन ते सिलोनचं गॉल २,१३० च्या आसपास, गॉल ते नानकौरी आणखी सुमारे ८००. एकूण ४,२५० धरा. ताशी ८ सागरी मैलांनी दिवसाला १९२, म्हणजे २२ दिवस नुसते चालण्याचे. त्या काळचं साधं इंजिन दर अश्वशक्तीला ताशी साडेचार पौंड कोळसा खातं असं धरलं, तर ३०० अश्वशक्तीची बोट दिवसाला साडेचौदा टन जाळते. एका खेपेला ३२० टन. एडनसारख्या ठिकाणी कोळसा इंग्लंडहूनच यायचा, म्हणून टनाला २ पौंड गृहीत धरा: एकतर्फी ६४० पौंड, येऊन-जाऊन १,२८०. वर्षात चार खेपा केल्या तर ५,१२०. दोन वर्षांत नुसता कोळसा बेटांच्या किमतीच्या पुढे जातो. शिडांची मदत धरलीत तर आकडा उतरेल, पण मोसमी वारा उलटा असेल त्या महिन्यांत नाही.

आणखी एक गोष्ट नकाशावर पटकन दिसत नाही. एडन ब्रिटिश, गॉल ब्रिटिश. वाटेतला प्रत्येक टन ब्रिटनच्या मर्जीने मिळतो. त्यामुळे ब्रिटनला तोफ डागायची गरजच नाही. एडनच्या अधिकाऱ्याने ‘सध्या साठा कमी आहे’ एवढं कळवलं की वसाहत उपाशी. जर-तर कथेत ब्रिटनशी आरमारी लढाई घालण्याचा मोह होईल. तो आवरा. २० जुलै १८६६ रोजी लिस्साजवळ इटलीचं आरमार ऑस्ट्रियाकडून हरलं, तेही घराजवळच्या समुद्रात.

यातून एक पटण्याजोगा परिणाम निघतो. खऱ्या इतिहासात रुबात्तिनो या जहाज कंपनीसाठी जुझेप्पे सापेत्तो यांनी तांबड्या समुद्रावरच्या असाबची जागा नोव्हेंबर १८६९ मध्ये विकत घेतली, आणि सरकारने ती १८८२ मध्ये ताब्यात घेतली. निकोबार हाती असेल तर स्वतःच्या कोळसा-ठाण्याची गरज आधीच भासेल. असाबची खरेदी १८६६-६७ मध्ये आणा, थेट सरकारच्या नावाने. असाबपासूनच पुढे इटलीची इरिट्रिया ही वसाहत वाढली, तिचा सगळा इतिहास त्यातून सरकतो.

बेटावर उतरल्यावर

उतरण्याचा हंगाम डिसेंबर ते मार्च. मे महिन्यात उतरवलेली तुकडी तंबूत भिजेल आणि महिन्याभरात निम्मी तापाने पडेल. तापाचं कारण डास आहे हे १८९७-९८ पूर्वी कोणालाच माहीत नाही, म्हणून १८६६ च्या डॉक्टरने मच्छरदाणीचा आग्रह धरला तर ती घोडचूक. तो दलदलीच्या वाफांना दोष देईल, घरं उंचावर बांधायला सांगेल आणि क्विनीन देईल. इटालियन सैनिकांना आपल्याच देशातल्या मारेम्माच्या दलदलीमुळे हा ताप चांगलाच ठाऊक होता, एवढं त्यांच्या बाजूने.

बेटं रिकामी दाखवू नका. काही हजार निकोबारी तिथे राहत होते, ग्रेट निकोबारच्या जंगलात शोंपेन हे आदिवासी होते. नारळ, केवड्याच्या जातीचं फळ आणि डुकरं हा त्यांचा आहार, भात पिकत नाही. ब्रह्मी, मलायी आणि हिंदी जहाजं नारळासाठी तिथे येत, बदल्यात कापड, तंबाखू, तांदूळ, लोखंडी अवजारं देत. नव्या मालकाने नारळाच्या या व्यापारावर कर बसवला की पहिला झगडा पेटतो. तो निकोबारी माणसाच्या नजरेतून एकदा तरी लिहा, नाहीतर अख्खी कथा फ्लोरेन्सच्या टेबलावरच राहील.

पोर्ट ब्लेअर कार निकोबारपासून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर आहे, आणि १८५८ पासून तिथे १८५७ चे बंदी आहेत. त्यांच्यातला कोणी होडीने इटालियन झेंड्याखाली पोहोचला तर त्याला परत द्यायचं का? कराराच्या सात कलमांत याचं उत्तर नाही. कलकत्त्यात तेव्हा व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स आहे, नवा प्रदेश गिळण्यात त्याला रस नाही, पण फरारी बंडखोराला परकं छप्पर मिळणं त्यालाही चालणार नाही.

कोल्हापूरचा धागा

कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ रोजी २७ व्या पलटणीने उठाव केला. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब महाराज यांना ब्रिटिशांनी कराचीला नेऊन ठेवलं, १८६९ मध्ये ते तिथेच वारले. फरारी बंद्याचं पात्र याच शहरातलं असू शकतं.

दुसरा धागा अधिक थेट आहे. छत्रपती राजाराम महाराज दुसरे १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले, सोबत कॅप्टन वेस्ट हा ब्रिटिश अधिकारी होता. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये त्यांचं निधन झालं, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचे अंत्यसंस्कार झाले आणि १८७४ मध्ये तिथल्या काशीने उद्यानात स्मारक उभं राहिलं. आता तारीख पाहा: रोम सप्टेंबरमध्ये इटलीने घेतलं असलं तरी त्या नोव्हेंबरात राजधानी अजून फ्लोरेन्सच. खऱ्या इतिहासात ती एका प्रवाशाची वाट होती. तुमच्या कथेत बंगालच्या उपसागरात बेटं असलेल्या देशाच्या राजधानीत हिंदुस्थानातला एक राजा पोहोचतो, आणि ब्रिटिशांचे कान टवकारतात.

इथे संयम ठेवा. महाराजांना कटवाले बनवणं सोपं आणि खोटं आहे. सगळा प्रवास ब्रिटिश देखरेखीखाली होता. मृत्यूची तारीखही हलवू नका. बदलायचंच तर भोवतालचं बदला: वेस्टला लंडनहून आलेली सूचना, फ्लोरेन्समधला मुक्काम लांबवू नये असा दबाव, एखाद्या इटालियन अधिकाऱ्याची नाकारलेली भेट. खऱ्या माणसाच्या तोंडी घातलेलं प्रत्येक वाक्य त्याच्या काळाशी आणि वयाशी ताडून पाहा.

बातमी कोल्हापूरला कशी पोहोचते तेही नीट लावा. युरोपशी तारेचा संबंध १८६५ मध्ये इराणच्या आखातातून कराचीमार्गे जुळला, पण निरोप दिवसेंदिवस रखडत आणि चुकीचे पोहोचत. १८७० मध्ये समुद्राखालून मुंबईपर्यंत तार आली. कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्ये पोहोचली, त्यामुळे १८६५ मध्ये पुण्याहून पुढे टपाल सडकेनेच जाणार, पावसाळ्यात नदी चढली की थांबणार. संदर्भासाठी करवीर नगर वाचन मंदिर, विद्यापीठाचं ग्रंथालय आणि पुराभिलेखागार ही तीन ठिकाणं शहरातच आहेत. १८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटिअर आधी चाळा. मोडी वाचता येत असेल तर संस्थानच्या कागदांत त्या काळचे दर, पगार आणि अंतरं मिळतात.

पुढे किती लांब जायचं

पहिली पाच वर्षं महिन्यागणिक लिहा, पुढची वीस दर पाच वर्षांनी एक प्रसंग या हिशोबाने, आणि १८९० च्या आसपास थांबा. १९४० पर्यंत गेलात की मुसोलिनी येतो, जपान येतो, आणि तोवर इतकं काही बदललेलं असेल की ही माणसं तशीच जन्मली असती का इथपासून प्रश्न सुरू होतात.

निसर्गाच्या तारखा मात्र हलत नाहीत, त्यांचे खुंट ठोकून घ्या. ३१ डिसेंबर १८८१ रोजी कार निकोबारजवळ मोठा भूकंप झाला. २७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकाटोआ फुटला. झेंडा इटलीचा असो वा ब्रिटनचा, धक्के त्याच दिवशी बसणार. १८८१ मध्ये कामोर्टावर इटालियन तुरुंग दाखवणार असाल तर त्याच्या भिंती दगडी आहेत की लाकडी, हे १८६६ च्या प्रकरणातच ठरवून ठेवा.